कयाधू : आपल्या वावरातून वाहणारी नदी

(कयाधूकाठच्या शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषी विद्यापीठाचा माणूस बोलायला उभा राहिला की वाण, बियाण्याचे प्रमाण, खताची मात्रा आणि फवारणी हे विषय येणार, हे आपण गृहीत धरता. ते विषय महत्त्वाचेच आहेत. परंतु आज मी आपल्या कयाधू नदीविषयी बोलणार आहे. ती कोठून येते, कोणत्या मातीतून वाहते, पावसाळ्यात का उसळते व उन्हाळ्यात का आटते आणि यात आपल्या हातात काय आहे, एवढ्याच गोष्टी सांगणार आहे.

हा विषय घेण्यास एक प्रसंग कारणीभूत आहे. एका हंगामात पीक पाहणीसाठी आम्ही नदीकाठच्या शिवारात गेलो होतो. तेथील एका शेतकऱ्याने आम्हांला काठावर नेले आणि बोटाने नदीपात्रातली एक जागा दाखविली. त्याच्या लहानपणी तेथे चिंचेचे झाड होते. आता तेथे पाणी होते. सातबारावर चार एकर, पण पेरायला साडेतीनच. त्याच शेतातली विहीर मार्चमध्ये तळ दाखविते. तो म्हणाला, "साहेब, पावसाळ्यात नदी वावर नेते आन् उन्हाळ्यात पाणी नेते. मग काठाला राहून आम्ही काय कमावलं?"

त्या वेळी मी त्याला तुटक उत्तर दिले. पूर्ण उत्तर देण्याचा आज प्रयत्न करतो.

उगम आणि मार्ग

कयाधू हे नाव पुराणातले आहे. हिरण्यकशिपूची पत्नी व भक्त प्रल्हादाची आई ती कयाधू. नदीचा उगम वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्याच्या उंच भागात होतो. तेथून ती सेनगाव तालुक्यात उतरते. पुढे हिंगोली तालुक्यात येते. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सर्वत्र ओळखले जाणारे नर्सी नामदेव हिच्याच काठी आहे. महाराष्ट्रातले वारकरी तेथे येतात आणि नामदेवांच्या रचना गुरू ग्रंथसाहिबात असल्यामुळे पंजाबातले भाविकही येतात. त्यानंतर समगा आणि हिंगोली शहर यांच्या जवळून ती कळमनुरी तालुक्यात शिरते, सोडेगाव, शेवाळा या गावांच्या शिवारातून पुढे जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या हदगाव तालुक्यात पैनगंगेला मिळते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर तीन नद्या डोळ्यांत भरतात. उत्तरेच्या हद्दीवर पैनगंगा, दक्षिणेकडे पूर्णा आणि या दोघींच्या मध्ये कयाधू. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ साली झाली. पैनगंगेवर इसापूर धरण १९८२ साली झाले. त्यांच्या कालव्यांमुळे वसमत, कळमनुरी भागांतल्या पुष्कळ जमिनीला पाणी मिळाले. मधल्या कयाधूवर मात्र तसे मोठे धरण नाही. म्हणून या खोऱ्यातील शेतकऱ्याचे धरण म्हणजे त्याची स्वतःची जमीन, त्याचा नाला आणि नदीची वाळू. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा. पुढचे सगळे बोलणे यावरच उभे आहे.

दोन थेंबांचा प्रवास

कयाधूचे खोरे आणि पूर्णेचे खोरे यांच्या मध्ये उंचवटा आहे. अशा उंचवट्याला पाणलोट रेषा म्हणतात. समजा, या रेषेवर पावसाचे दोन थेंब एकमेकांपासून हातभर अंतरावर पडले. दक्षिणेकडचा थेंब ओढ्या-नाल्यांतून पूर्णेत गेला. पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते, म्हणून तो थेंब नांदेडवरून तेलंगणात गेला. उत्तरेकडचा थेंब कयाधूत पडला. तो पैनगंगेत गेला, सहस्रकुंडाच्या धबधब्यावरून कोसळला आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीवर वर्धा नदीत मिसळला. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्यावर तिला प्राणहिता म्हणतात. ही प्राणहिता गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे हिंगोलीच्या माळावर हातभर अंतराने वेगळे झालेले दोन थेंब शेकडो किलोमीटरचा वळसा घालून तेथे पुन्हा भेटतात आणि मग बंगालच्या उपसागराकडे जातात.

याच्या उलट कोकणातली वाशिष्ठी पहा. सह्याद्रीवर उगम पावते आणि शंभर किलोमीटरच्या आत दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिच्या खालच्या भागात भरती-ओहोटीचे पाणी आत येते. तिच्या खोऱ्यात आपल्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो, पण उतार तीव्र असल्याने पाणी फार थांबत नाही. आपल्याकडे पाऊस कमी, पण उतार सौम्य आणि समुद्र फार दूर. पाणी थांबविण्यास निसर्गाने आपल्याला जास्त जागा आणि जास्त वेळ दिला आहे. तो वेळ आपण वापरतो का, हा प्रश्न आहे.

खडक आणि जमीन

आपल्या पायाखालचा खडक काळा बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. एकसंध काळ्या खडकात पाणी शिरत नाही. पाणी राहते ते त्यावरच्या कुजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे आपल्या विहिरीचे पाणी म्हणजे फार खोलवरचा साठा नसून त्या वर्षीच्या आणि आदल्या वर्षीच्या पावसाची शिल्लक असते. पाऊस चुकला की विहीर लगेच बोलते. विंधन विहीर शेकडो फूट खोल नेली तरी भेग लागली तरच पाणी, नाहीतर धूळ, हा अनुभव आपण घेतलेला आहे.

खोऱ्यातील जमिनी तीन प्रकारच्या आहेत. माथ्यावर बरड, मुरमाड, उथळ जमीन. मधल्या उतारावर मध्यम काळी. नदीकाठी आणि सखल भागात खोल, भारी काळी जमीन व काही ठिकाणी पुराने आणलेली मळई. माथ्याच्या जमिनीत पाणी लवकर मुरते, पण ती फार धरून ठेवू शकत नाही. भारी जमिनीचे उलटे आहे. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात आणि पहिल्या पावसात पाणी भेगांतून भराभर आत जाते. एकदा चिकण माती फुगली आणि भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग अतिशय कमी होतो. मग तासाभराचा जोरदार पाऊस जमिनीवरून सरळ नाल्याला लागतो. माथ्यावर मुरवायचे आणि पायथ्याशी धरून ठेवायचे, हे सूत्र यातून निघते.

पाण्याचा हिशोब

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी होते. एका एकरावर ते सुमारे ४,००० लिटर भरते. आपल्याकडे वर्षाला ८०० मि.मी. पाऊस धरला तर हेक्टरी ८० लाख लिटर पाणी आपल्या डोक्यावर पडते. सोयाबीनच्या पिकाला संपूर्ण हंगामात साधारण ४५ ते ५० सें.मी. पाणी लागते. म्हणजे बेरीज पाहिली तर पाऊस पुरेसा आहे. अडचण बेरजेची नाही, वाटपाची आहे. पाऊस काही मोजक्या दिवसांत धो-धो येतो आणि मध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड पडतो.

२०१५ साली मराठवाड्यात तीव्र दुष्काळ पडला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्यानंतर सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मराठवाड्यात अशी अतिवृष्टी झाली की उभ्या सोयाबीनमध्ये पाणी साचून राहिले. दोन्ही टोके आपण दहा वर्षांच्या आत पाहिली. म्हणून केवळ दुष्काळाची किंवा केवळ पुराची तयारी करून चालणार नाही. पाणी जास्त झाले तर सुरक्षित बाहेर काढणारी आणि कमी झाले तर धरून ठेवणारी अशी एकच व्यवस्था वावरात असली पाहिजे. ती कशी करायची ते पुढे सांगतो.

आपले सर्वांत मोठे तळे कोणते? एक मीटर खोल भारी काळी जमीन पिकाला उपयोगी असा सुमारे १५ ते २० सें.मी. ओलावा धरते. १५ सें.मी. धरले तरी हेक्टरी १५ लाख लिटर झाले. ३० × ३० × ३ मीटर आकाराच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे दीड हेक्टर चांगली काळी जमीन हे एक शेततळेच आहे. त्याला खोदाई लागत नाही, कागद लागत नाही आणि त्यातले पाणी उन्हाने तितके उडत नाही. मात्र माती वाहून गेली की हे तळे दरवर्षी उथळ होत जाते.

मातीचा हिशोब

१९८३ साली शास्त्रज्ञांनी संपूर्ण देशाचा अंदाज काढला तेव्हा दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती वाहून जाते असे आढळले. जमिनीचा एक मिलिमीटर थर म्हणजे हेक्टरी साधारण १२ ते १३ टन माती. असा थर निघून गेलेला डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मनाला लागतही नाही.

आपण स्वतः एक प्रयोग करावा. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाल्यावर आपल्या बांधावरून बाहेर पडणारे गढूळ पाणी एक लिटरच्या बाटलीत भरावे. दोन दिवस ठेवावे. वरचे स्वच्छ पाणी हळूच ओतून द्यावे, खाली बसलेला गाळ वाळवावा आणि सोन्या-चांदीच्या किंवा किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करावे. समजा, लिटरमागे १० ग्रॅम माती निघाली. वर्षभरात २० सें.मी. पाणी शेतातून वाहून गेले असे धरले तर हेक्टरी २० लाख लिटर होतात. त्याबरोबर २० टन माती गेली. ट्रॉलीमागे तीन टन धरले तर जवळजवळ सात ट्रॉल्या. आणि जाते ती वरची, सर्वांत कसदार माती. तिच्यात आपण घातलेले शेणखत, स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब असतो. शाळेतल्या मुलांकडून हा प्रयोग करून घ्यावा. मुलांनी घरी येऊन आकडा सांगितला की वडील माणसेही ऐकतात.

वाळू ही नदीची तिजोरी

कयाधूचे वाहते पाणी हिवाळा सरता-सरता कमी होते. पूर्वी पात्र कोरडे दिसले तरी वाळूत हातभर झिरा खोदला की पाणी लागत असे. बायाबापड्या त्यातून घागरी भरीत. याचे कारण सोपे आहे. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. समजा, नदीचे पात्र ५० मीटर रुंद आहे आणि त्यात एक मीटर जाडीचा वाळूचा थर आहे. एक किलोमीटर लांबीत ५०,००० घनमीटर वाळू झाली. अशा वाळूतून तिच्या आकारमानाच्या साधारण २० ते २५ टक्के पाणी मिळू शकते. म्हणजे १ कोटी ते सव्वा कोटी लिटर. हे पाणी झाकलेले असते, त्यामुळे उन्हाने कमी उडते. ते गाळलेले असते. शिवाय ते काठच्या विहिरींना हळूहळू पाझरत राहते.

वाळू उचलली की ही तिजोरी रिकामी होते. तेवढ्यावर थांबत नाही. पात्राचा तळ खाली जातो, तळ खाली गेला की काठच्या विहिरींचे पाणी पात्राकडे ओढले जाते आणि काठाचा पायाही उघडा पडतो. वाळूचे पैसे ज्याला मिळतात तो निघून जातो. तोटा काठच्या सर्व शेतकऱ्यांच्या वाट्याला येतो. वाळू उपशाच्या परवानगीचा विषय ग्रामसभेत येतो तेव्हा आपण हजर राहावे आणि हा हिशोब मांडावा.

काठ का ढासळतो

आता त्या शेतकऱ्याच्या अर्ध्या एकराकडे वळू. काठ ऐन पुरात कोसळतो अशी आपली समजूत असते. पुष्कळदा तो पूर ओसरताना कोसळतो. पुराच्या वेळी काठाची माती पाण्याने भरून जड होते, पण समोरच्या पाण्याचा तिला टेका असतो. पूर झपाट्याने उतरला की टेका जातो, आतले पाणी मात्र तेवढ्या वेगाने निघत नाही. जड झालेली ओली दरड स्वतःच्या वजनाने खचते. त्यातच पायथा आधी कोरला गेला असेल तर मोठा तुकडा एकदम जातो.

नदी वळण घेते तेथे बाहेरच्या बाजूला पाण्याचा मारा जास्त असतो. तो काठ कापला जातो. आतल्या बाजूला वेग कमी असतो, तेथे गाळ साचतो आणि मळई वाढते. म्हणून एकाचे वावर जाते आणि पलीकडच्याचे वाढल्यासारखे दिसते. यात कोणाची लबाडी नसते, हा पाण्याचा स्वभाव आहे. पण आपण काही गोष्टींनी त्याला मदत करतो. काठाच्या अगदी कडेपर्यंत नांगरट करणे, काठावरची बाभूळ, करंज, निरगुडी तोडून जाळणे, शेतातले साचलेले पाणी एकाच जागेवरून काठाखाली सोडणे आणि पात्रातली वाळू काढणे या चार गोष्टींनी काठ दुबळा होतो.

यावर उपाय म्हणजे काठाची किमान तीन ते पाच मीटरची पट्टी नांगराविना सोडावी. तेथे बांबू, करंज, निरगुडी लावावी आणि मधल्या जागेत खसगवत किंवा मारवेल लावावे. गवताची मुळे वरचा थर आवळून धरतात, झुडपांची मुळे खालचा. चाऱ्याची सोय होते ती वेगळीच. शेतातले जादा पाणी दगडी सांडवा करून उतरवावे. मी प्रामाणिकपणे सांगतो, ज्या वळणावर नदी जोराने कापते आहे तेथे केवळ गवत पुरत नाही. तेथे दगडी काम लागते आणि ते एका शेतकऱ्याच्या आवाक्यातले नसते. त्यासाठी गावाने मिळून मागणी केली पाहिजे. परंतु जेथे कापणे नुकते सुरू झाले आहे तेथे गवत आणि झुडपे वेळेवर लावली तर पुष्कळ जमीन वाचते.

वावरात करावयाची कामे

१) उतारास आडवी मशागत व पेरणी : नांगरट, वखरणी आणि पेरणी उतारास आडवी करावी. प्रत्येक तास हा एक छोटा बांध होतो. उताराच्या दिशेने पेरले तर प्रत्येक तास ही एक छोटी नाली होते. यासाठी जादा पैसा लागत नाही, फक्त औताची दिशा बदलावी लागते.

२) रुंद वरंबा सरी : सोयाबीन, हरभरा या पिकांसाठी बीबीएफ यंत्राने पेरणी करावी. वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी राहते. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरते, जास्त झाला तर सरीतून निघून जाते आणि मुळांना हवा मिळते. मघाशी सांगितलेली दोन्ही टोकांची तयारी ती हीच. यंत्र उपलब्ध नसेल तर पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी प्रत्येक चार ओळींनंतर बळीराम नांगराने मृत सरी काढावी.

३) कोळपणी : पावसाचा खंड पडला की कोळपणी करावी. वरचा थर भुसभुशीत झाला की भेगा बुजतात आणि ओलावा उडत नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपले वाडवडील म्हणत ते खरे आहे.

४) बांधबंदिस्ती : धुरे फोडून वावर वाढविण्याची सवय सोडावी. दोन फुटांच्या धुऱ्याने पीक फार कमी होत नाही, पण धुरा नसल्याने माती कायमची जाते. बांधावर गवत असू द्यावे. माथ्यावरच्या बरड जमिनीत समपातळी चर काढावेत. जादा पाणी जाण्यास सांडवा ठेवल्याशिवाय बांध घालू नये, अन्यथा तो फुटून जास्त नुकसान होते.

५) विहीर पुनर्भरण : शेतातले वाहते पाणी गाळून विहिरीत सोडावे. त्यासाठी विहिरीपासून दोन-तीन मीटर अंतरावर साधारण दोन मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड, मग खडी व वर जाड वाळू असे थर भरावेत. तळातून विहिरीत पाइप काढावा. या खड्ड्याच्या आधी एक लहान खड्डा गाळ बसण्यासाठी घ्यावा. दरवर्षी मेमध्ये वरची वाळू धुऊन घ्यावी. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी तसेच नुकतीच फवारणी झालेल्या शेतातले पाणी विहिरीत सोडू नये.

६) हळदीला ठिबक : वसमत, हिंगोली भागात हळदीने शेतकऱ्याच्या हातात पैसा आणला हे खरे आहे. परंतु हे पीक आठ-नऊ महिने रानात असते आणि पाऊस संपल्यानंतर त्याची बरीचशी तहान विहीर व नदी भागवते. पाटाने पाणी दिले तर विहीर जानेवारीतच थकते. हळद रुंद गादीवाफ्यावर घ्यावी आणि ठिबकनेच पाणी द्यावे. आपल्या विहिरीत फेब्रुवारीपर्यंत किती पाणी टिकते ते पाहून मगच हळदीचे क्षेत्र ठरवावे. शेजाऱ्याने किती लावली ते पाहून ठरवू नये.

नाल्यावर आणि पात्रात करावयाची कामे

पाऊस संपत आला की, म्हणजे ऑक्टोबरात, नाल्याचे पाणी अजून वाहत असते. तेव्हाच वनराई बंधारे घालावेत. सिमेंटची रिकामी पोती, त्यात माती किंवा वाळू, आणि गावातली पंचवीस माणसे एक दिवस. एवढेच भांडवल लागते. डिसेंबरात बंधारा घालायला गेलो तर अडवायला पाणीच नसते. कोल्हापुरी बंधारे असतील तेथे १५ ऑक्टोबरच्या सुमारास बरगे टाकले जातील हे गावाने पाहावे आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून सुरक्षित ठेवावेत. बरगे गळत असतील तर मधल्या पोकळीत चिकण माती चांगली ठोकून भरावी.

नाला खोलीकरणाची कामे अलीकडे यंत्राने भराभर होतात. यात एक काळजी घ्यावी. खोली अडीच-तीन मीटरच्या पुढे नेऊ नये. पाणी मुरते ते मुरमातून. तळ जास्त खाली नेला तर शेजारच्या विहिरींचे पाणीच नाल्यात उतरण्याची भीती असते. काढलेली माती काठावर ढीग करून ठेवू नये. ती पुढच्या पावसात पुन्हा नाल्यात येते. तलावातला गाळ मात्र हलक्या, मुरमाड जमिनीत अवश्य टाकावा. तो आपल्याच शिवारातून गेलेला असतो. भारी जमिनीत टाकू नये, तेथे निचरा बिघडतो.

डोहांबद्दलही बोलले पाहिजे. नदी आटली तरी काही डोहांत पाणी राहते. गुरे, पाखरे आणि गावाची गरज त्यावर भागते. त्यांवर एकदा दहा मोटारी बसल्या की आठवड्यात डोह संपतो. माझी सूचना अशी की, प्रत्येक गावाने एक तरी डोह राखीव ठरवावा आणि होळीनंतर त्यावर मोटार बसवू नये, असा ठराव करावा. ठराव कागदावर राहू नये म्हणून तो मोटारी असणाऱ्यांनीच मांडावा.

खालच्या गावासाठी मी खर्च का करू?

आता एक अवघड प्रश्न. माथ्यावरचा शेतकरी म्हणतो, "मी चर काढले, बांध घातले तर पाणी खालच्याच्या विहिरीला जाणार. मग खर्च मी का करू?" हा प्रश्न स्वार्थाचा म्हणून झटकून टाकू नये. त्यात तथ्य आहे. भूगर्भातले पाणी सातबारा पाहून थांबत नाही.

त्याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की, माती मुळात वरच्याची वाचते. मघाशी हिशोब केलेल्या सात ट्रॉल्या त्याच्याच वावरातल्या आहेत आणि खंडाच्या काळात त्याच्याच पिकाला ओलावा मिळतो. दुसरा भाग असा की, पाण्याचा फायदा खरोखरच खालच्याला जास्त होतो. म्हणून खालच्याने वरच्याच्या कामाला हात लावला पाहिजे. श्रमदान माथ्यापासून सुरू करावे. नदीकाठच्या बागायतदारांनी माथ्यावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर दोन दिवस काम केले, तर ते उपकार होत नाहीत. ती स्वतःच्या विहिरीत केलेली गुंतवणूक आहे. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे असे आम्ही शिकवितो, त्याचे तांत्रिक कारण आहे. वर पाणी अडले नाही तर खालचे बांध टिकत नाहीत. पण त्यात माणसामाणसांतला न्यायही आहे.

सेनगावातला शेतकरी हिंगोलीच्या वर आहे, हिंगोलीचा कळमनुरीच्या वर आहे आणि कळमनुरीचा हदगावच्या वर आहे. प्रत्येकजण कोणाच्या तरी वर आणि कोणाच्या तरी खाली आहे. आपल्याला वरच्याने जसे वागावे असे वाटते, तसे आपण खालच्याशी वागावे. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२२ रोजी 'चला जाणूया नदीला' हे अभियान सुरू केले, त्यामागेही नदी चालून पाहावी आणि समजून घ्यावी हाच विचार होता. अभियान असो वा नसो, आपल्या गावच्या हद्दीतला नदीचा तुकडा आपण चालून पाहू शकतो. वर्षातून दोनदा जावे. एकदा ऑक्टोबरात, एकदा मेमध्ये. काठ कोठे कापला, डोह किती उरले, वाळू किती राहिली, कोणत्या नाल्यातून जास्त गाळ येतो, हे एका वहीत लिहून ठेवावे. तीन वर्षांत ती वही गावाचा सर्वांत उपयुक्त कागद ठरेल.

या कामांत तांत्रिक मदत लागली तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी किंवा तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. बीबीएफ यंत्राची जुळवणी, पुनर्भरणाचा आराखडा, गवताचे ठोंब यांविषयी तेथे मार्गदर्शन मिळते.

शेवटी त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. काठाला राहून आपण काय कमावले? आपल्या काठची भारी काळी जमीन आणि मळई या नदीने हजारो वर्षे माती आणून घडविली. ती माती माथ्यावरून आली. म्हणजे नदीने वरच्याकडून घेऊन आपल्याला दिले आणि आता ती आपल्याकडून घेऊन पुढे देते आहे. पूर्वी हे देणे-घेणे इतके सावकाश होते की पिढ्यांना ते जाणवत नसे. आपण धुरे फोडले, झाडे तोडली, वाळू उपसली आणि त्याचा वेग वाढविला. वेग आपण वाढविला असेल तर तो कमी करणेही आपल्याच हातात आहे. गेलेला अर्धा एकर परत मिळणार नाही, हे मला त्याला सांगावे लागले. उरलेले साडेतीन एकर मात्र राहू शकतात. त्याने या जूनमध्ये काठावर चार मीटरची पट्टी सोडून खसगवताचे ठोंब लावले आहेत आणि माथ्यावरच्या शेजाऱ्याच्या चराला दोन दिवस जाऊन आला आहे.

येत्या पहिल्या पावसात आपणही बाटली घेऊन बांधावर जावे, एवढी विनंती करतो आणि माझे बोलणे संपवितो.